नानांचा ठोकळा

कोथरूडात हल्ली जुनी सोसायटी आणि तिच्यातला निवृत्त माणूस एकदमच रिडेव्हलपमेंटला जातात. डहाणूकर कॉलनीतले आमचे नाना त्यातलेच. उभा जन्म कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेला. ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची, हेच त्यांचं अन्डू. पंच्याहत्तरीत त्यांनी थ्रीडी शिकायला घेतलं ते बिल्डरच्या ब्रोशरमुळे.

त्या चित्रात बारा मजली इमारतीसमोर कारंजं उडत होतं, एक गोरी बाई सोनेरी कुत्रा फिरवत होती आणि विजेची तार औषधालाही नव्हती.

"ही बाई कुठल्या विंगमधली?" नानांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"काका, रेंडर आहे ते," बिल्डरचा पोरगा म्हणाला.

"म्हणजे खोटं."

"खोटं नाही हो, कलाकाराची कल्पना."

तळाशी बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. नानांनी भिंग काढून ते सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवलं.

मग नातवाचा गेम खेळायचा लॅपटॉप आला. क्लासची फी ऐकून नाना आल्या पावली जिना उतरले आणि ब्लेंडरकडे वळले, कारण ते फुकट. मुळात ते एका कंपनीच्या मालकीचं होतं. २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत १ लाख युरो वर्गणी जमवून ते सगळ्यांसाठी मोकळं करून घेतलं. हे वाचून नाना हळवे झाले. आमच्याकडे लिफ्टच्या वर्गणीचा विषय निघाला की तळमजलेवाले अजून चहाला उठतात.

ब्लेंडर उघडलं की पडद्यावर मधोमध एक करडा ठोकळा असतो. यूट्यूबवरचा प्रत्येक गुरुजी आधी तो पुसायला सांगतो. "चांगला ठोकळा टाकून द्यायचा?" म्हणत नानांनी त्यालाच ओढून-ताणून इमारत उभी केली. 'जी' दाबलं की वस्तू सरकते, 'आर'ने फिरते, 'एस'ने लहानमोठी होते, हे आता नानींनाही पाठ आहे. एकदा 'एस'वर बोट असताना नानांना शिंक आली आणि फाटकातला दूधवाला गच्चीच्या वर गेला.

ब्रोशरमध्ये जे नव्हतं ते सगळं नानांनी भरलं. बाल्कनीतल्या दोऱ्या, दोऱ्यांवरचे लेंगे, काळ्या टाक्या, केबलची जाळी, वाकड्या लावलेल्या दुचाक्या. एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले? त्यांनी नवी कोरी इमारत तिसऱ्या पावसाळ्यानंतरची दाखवली. खिडक्यांखाली ओल, ओलीच्या कडेला शेवाळ. त्या ओलीपायी आठवडा गेला.

एकेका प्रकाशकिरणाचा माग काढून चित्र तयार होतं, त्यामुळे आधी पडदाभर रवा सांडल्यासारखा दिसतो आणि तो निवळायला रात्र जाते. लॅपटॉपचा पंखा भणाणत राहतो. "वीजबिलाचंही रेंडर होतंय," नानी कूस बदलत म्हणतात.

सावल्यांचा अभ्यास हा वेगळाच अध्याय. टॉवरमुळे पापडांना ऊन मिळणार नाही, अशी उत्तरेकडच्या सोसायटीतल्या आजींना भीती. नानांनी अक्षांश १८.५ भरला आणि निकाल दिला: मेच्या मध्यात दुपारी सूर्य डोक्यावर, सावली पायाशी, पापड सुखरूप. पण २१ डिसेंबरला भरदुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर चढतो आणि ३६ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ३२ मीटर जाते. ती नेमकी त्यांच्या ज्येष्ठ नागरिकांच्या बाकावर पडत होती. दुसऱ्या दिवशी आमच्या सेक्रेटरींना सहा सह्यांचा अर्ज आला. नानांनी तो फाइलला लावला, पुरावा म्हणून.

अखेर सर्वसाधारण सभेत प्रोजेक्टर लागला. ओल पाहून खोली गप्प झाली. नानांनी विजयी मुद्रेने चष्मा पुसला. तेवढ्यात मागून आवाज आला, "ती लाल ॲक्टिव्हा माझ्या पार्किंगमध्ये कुणाची?"

"नमुन्यादाखल आहे हो."

"मग नमुन्याला माझी लावा!"

पुढचा तासभर पार्किंगवर गेला. नाना कोपऱ्यात फुरंगटून बसले होते. बिल्डरचा पोरगा हळूच शेजारी येऊन टेकला.

"काका, ती ओल कशी हो केलीत? आमच्या आर्टिस्टला जमणार नाही."

नानांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"वही आहे? लिहून घे. आधी नॉइज टेक्स्चर..."