घसारेकाका

जून महिन्यात हैदराबादेतलं प्रत्येक म्हातारं यंत्र विजेनंच मरतं, असं घसारेकाकांचं निरीक्षण आहे. राउटर असो, टॉवरखालचा रेक्टिफायर असो, की कुठल्याशा कचेरीत वर्षानुवर्षं धूळ खाल्लेलं ईपीएबीएक्स असो. क्लेमच्या फॉर्मवर कारण एकच, ‘वीज पडून’. ‘वयानं कुणी जातच नाही हो या शहरात,’ असं म्हणत काका बेगमपेटच्या हवामान केंद्रातून त्या रात्रीची नोंद मागवतात. रात्र कोरडी निघाली की त्यांचा चेहरा उजळतो.

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे. आम्हा काचीगुड्याच्या मराठी मंडळींत हे नाव रूढ झालं, कारण कुठलीही वस्तू दिसली की तिच्या किमतीतून दर वर्षाचा घसारा किती वजा करायचा, हेच त्यांना आधी सुचतं. पेशा सर्व्हेअरचा. दूरसंचाराची जळालेली, भिजलेली, तुटलेली सामग्री पाहायची आणि नुकसान खरोखर किती, ते विमा कंपनीला लिहून द्यायचं. विमा नियामकाचं मुख्यालय दिल्लीहून हैदराबादेत आलं याचा त्यांना इतका अभिमान, की नानकरामगुड्यावरून जाताना ते रिक्षावाल्याला रिक्षा हळू घ्यायला लावतात. पंढरपूरच दारी आल्यासारखं.

ऑक्टोबर 2020 च्या पुरात ते खरे फुलले. जुन्या शहरात घराघरांत पाणी शिरलेलं, आणि काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात मोजपट्टी घेऊन भिंतीवरची चिखलाची रेघ मोजतायत. ‘रेघ गुडघ्याला, रॅक छातीला. पाणी काय उडी मारून गेलं?’ मग पेटी उघडून आत गाळ आहे का, ते बोट फिरवून बघायचं. जळकं कार्ड असेल तर चक्क हुंगायचं. कार्डावरचा सिरियल नंबर रजिस्टरशी ताडायचा, आणि हाच नंबर आधीच्या एखाद्या क्लेममध्ये एकदा मेलेला तर नाही ना, हेही बघायचं. एकानं बॅटरी बँकेचे तीस सेल वाहून गेल्याचं लिहिलं होतं. दोन व्होल्टचे चोवीस सेल जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्टची बँक होते. काका शांतपणे म्हणाले, ‘चोवीस गेले हे मान्य. वरचे सहा कुणाच्या घरून वाहत आले?’

सर्वांत हळहळ त्यांना फायबर चोरणाऱ्याची वाटते. बिचारा तांब्याच्या आशेनं रात्रभर केबल ओढतो आणि हाती लागते काच. भंगारात तिला कोण विचारतो? ‘सॅल्व्हेज शून्य,’ लिहिताना काकांचा हात जड होतो. केबलच्या मालकासाठी तो तितका जड झालेला मी पाहिलेला नाही.

मालकांना ते हिशेब समजावतात. दहा लाखांचं सामान हप्ता वाचवायला सहा लाखांना उतरवलं आणि एक लाखाचं नुकसान झालं, तर हाती साठ हजार. ‘पण साब, नुकसान तो पूरा एक लाख का हुआ ना!’ ‘हौ. मगर चाळीस टक्क्यांची विमा कंपनी तुम्हीच होता की. त्यांच्याकडे मागा.’ माणूस तिथंच खुर्चीत बसतो. काका त्याला पाणी देतात. काका दुष्ट नाहीत.

फक्त सवय सुटत नाही. सांत्वनाला गेले तरी आधी वय विचारतात. ‘एक्क्याऐंशी’ ऐकलं की ओठ हलतात आणि मान समाधानानं डोलते. काकू मागून चिमटा काढतात.

ऑगस्ट 2025 मध्ये रामंतापूरला कृष्णाष्टमीच्या रथाला विजेच्या तारेचा स्पर्श होऊन पाच माणसं गेली. त्यावर काका एक अक्षर बोलले नाहीत. वयंही विचारली नाहीत. मग वीज कंपनीनं खांबांवर लोंबणाऱ्या इंटरनेटच्या केबल कापायला घेतल्या, मोहल्लेच्या मोहल्ले नेटवाचून तडफडू लागले, एअरटेल उच्च न्यायालयात गेली, आणि काकांना कंठ फुटला. कापलेल्या केबलचा क्लेम आला तर? अपघात म्हणायचा तर कापणाऱ्यानं नीट बघून कापलीय. खोडसाळपणा म्हणावा तर कापणारा सरकारी. आणि सरकारी हुकमानं झालेला नाश पॉलिसीतून वगळलेला असतो! शिवाय त्या खांबावर केबल टांगायची परवानगी होती का, हा उपप्रश्न. त्या आठवड्यात अख्ख्या हैदराबादेत एकटे काकाच खुशीत होते.

त्यांचंही नेट गेलं होतंच. दोन दिवसांनी केबलवाला पोरगा शिडी घेऊन आला. काकांनी वही उघडली.

‘कारण काय?’

‘कैंची, चच्चा.’

‘कुणाची?’

‘सरकार की.’

केबल पोरग्याच्या मालकाची, आणि विमा कुणी उतरवलेलाच नव्हता. तरी काकांनी क्लेम नामंजूर केला.