पॅरिसचे सूर

गहाण पडलेले उत्तम वाद्य सावकाराच्या पेढीवर मातीमोलाने मिळते, अशी माझी जुनी श्रद्धा आहे. आणि श्रद्धेच्या आड येणारा पुरावा दाखल करून न घेण्याची माझी वहिवाट असल्यामुळे, एका गुरुवारी डेक्कन क्वीनने मी पुण्याहून मुंबईस पेटीच्या मोहिमेवर निघालो.

झवेरी बाजारातील पहिल्याच पेढीवर मोहिमेस पायबंद बसला. जी वस्तू कसोटीच्या दगडावर घासता येत नाही आणि तोळ्यांत तोलता येत नाही, ती आपण तारण ठेवीत नाही, असा शेटजींनी निकाल दिला. मग माझी मुद्रा पाहून कणव आल्यामुळे की काय, चोरबाजाराची शिफारसही केली.

तिथे मटण स्ट्रीटवर, ग्रामोफोनचे कर्णे, जहाजांचे कंदील आणि खालसा झालेल्या वैभवाची झुंबरे यांच्या दाटीत, एका मोडक्या पाळण्यात निजवलेली पेटी मला दिसली. मी जाणकाराच्या गांभीर्याने पंचनामा आरंभला. भाता भरून, एकही पट्टी न दाबता, हवा किती टिकते ते मोजू लागलो; सातावर भात्याने प्राण सोडला. झाकण काढून पितळी जिभा न्याहाळल्या. जीभ टोकाशी घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. इथे दोन्हीकडे ओरखडे होते, यावरून पूर्वीच्या मालकाचे मत वारंवार बदलत असावे. पांढरी पाच एकदा दाबली ती वर येईचना. दुकानदार चाचांनी ती नखाने उचलून, हट्टी पोराला बसवावे तशी, जागेवर बसवली. सूर मात्र पॅरिसचे, हे ते शपथेवर सांगत होते. (आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या पेटीचे सूर पॅरिसचेच असतात, त्या नगरीत अन्य उद्योगधंदा चालत असेल, असे मला वाटत नाही.)

अखेर मी ब्रह्मास्त्र काढले. हे वाद्य 1940 सालीच नभोवाणीने हद्दपार केले आहे, तेव्हा किंमत निम्म्यावर यावी, असा युक्तिवाद केला. चाचांनी पानाची पिंक टाकली.

"साब, गद्दी गया हुआ नवाब का पानदान हम डबल में बेचता है!"

मी मुकाट्याने 45 रुपये मोजले.

परतीच्या गाडीत चादरीत गुंडाळलेले ते बोचके मांडीशी घेऊन बसलो. भात्याची कडी तुटकी असल्याचे पंचनाम्यात नोंदवायचे राहून गेले होते. घाट चढताना तिकीट तपासनीस आला, बोचक्याकडे संशयाने पाहू लागला, आणि आत जनावर आहे काय, अशी पृच्छा त्याने केली. निर्जीव वस्तू आहे, असे मी सद्गदित स्वराने सांगत असतानाच गाडीला हिसका बसला आणि चादरीखालून पांढरी पाचने दीर्घ, करुण हंबरडा फोडला.

तपासनिसाने खिशातून पावतीपुस्तक काढले.