‘ब्रेक फेल’ म्हटलं की संपलं?

अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘ब्रेक फेल झाल्याने’ हे शब्द हमखास असतात. चालक तेच सांगतो, रस्त्यावरचे लोक तेच सांगतात, पंचनाम्यातही तेच उतरतं. त्यापुढे कोणी जात नाही. ब्रेक कशाने गेला, जाण्याआधी त्याने काही कुरकुर केली होती का, केली असेल तर ती कोणी ऐकली, हे सगळे प्रश्न क्रेनने उचललेल्या गाडीबरोबर यार्डात जाऊन पडतात. माझी तक्रार आहे ती या थांबण्याबद्दल.

पुण्याच्या नवले पुलाचं घ्या. २० नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतरणाऱ्या एका अवजड ट्रकने ४८ गाड्यांची मोडतोड केली. पहिली बातमी ब्रेक फेलचीच होती. पोलिसांनी तपास केल्यावर सांगितलं ते वेगळं: डिझेल वाचवायला चालकाने उतारावर इंजिन बंद करून ट्रक तसाच सोडला होता. कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली, तेव्हाही आधी बोट दाखवलं गेलं ते ब्रेककडे. आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत निघाले. मग चर्चा वळली ती अशी बस चालवायला देण्याआधी चालकाला किती शिकवलं होतं याकडे. दोन्ही ठिकाणी कोणीतरी गाडी उघडून पाहिली, म्हणून प्रश्न जागेवर आला.

तुमच्या-आमच्या मोटारीच्या वाट्याला एवढंही येत नाही. विम्याचा सर्व्हेअर येतो, पत्रा किती चेपला ते पाहतो, फोटो काढतो. गॅरेजवाला बंपर बदलतो. चाक खोलून लायनर बघितले का, ब्रेकचं तेल कसं होतं, पाइप कुठे पाझरत होता का, हे लिहिलेला कागद मालकाच्या हाती पडत नाही. चार दिवसांनी गाडी धुऊनपुसून परत येते आणि मालक त्याच ब्रेकवर कुटुंबाला बसवून घाट उतरायला निघतो.

ज्यांच्यावर हा प्रसंग आलाय त्यांना नीट बोलतं करा, प्रत्येकाचा ब्रेक वेगळ्या तऱ्हेने गेलेला असतो. कोणी सांगतो, पेडल सरळ तळाला गेलं, पायाखाली काही लागलंच नाही. कोणी सांगतो, पेडल दगड झालं, दोन्ही पायांनी उभा राहिलो तरी हलेना. कोणी सांगतो, पेडल नेहमीसारखंच होतं, पण गाडी थांबेना आणि आत जळकट वास भरला. कोणाचं पेडल पायाखाली थरथरू लागलं, त्याला वाटलं काहीतरी तुटलं, त्याने घाबरून पाय काढला. हे चार वेगळे आजार आहेत. शेवटचा तर आजारच नव्हे: निसरड्या रस्त्यावर चाकं लॉक होऊ नयेत म्हणून एबीएस ब्रेक सोडतं-धरतं आणि त्याचा थरार पेडलमध्ये येतो. तिथे पाय दाबूनच ठेवायचा असतो. २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस सक्तीचं आहे, पण गाडीची चावी देताना शोरूममध्ये पेढे देतात, ही गोष्ट सांगत नाहीत.

दगड झालेल्या पेडलचं कारणही साधं आहे. मोटारीच्या ब्रेकला बूस्टरची मदत असते आणि बहुतेक पेट्रोल गाड्यांत ती मदत चालू इंजिनातून येते. इंजिन बंद केलं की साठलेल्या जोरावर दोन-तीन वेळा ब्रेक लागतो, मग पेडल कडक होतं. उतारावर किल्ली फिरवून पेट्रोल वाचवणारे आपल्यात अजून आहेत. इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली की बूस्टर जातो, पॉवर स्टीअरिंग जड होतं आणि गिअरचा लगामही सुटतो. शंभर रुपयांचं पेट्रोल वाचवायला माणूस गाडीवरचे तीन ताबे एकदम सोडून देतो. इंजिन चालू ठेवून न्यूट्रलवर घाट उतरणं त्याच्याच पंक्तीतलं.

आता घाटाकडे येऊ, कारण महाराष्ट्रात मोटारीच्या ब्रेकची खरी परीक्षा तिथेच होते. रविवारी दुपारी पसरणी घाट उतरून वाईच्या अलीकडे थांबलेल्या गाड्या पाहा. पुढच्या चाकांतून धूर निघत असतो, फरशी तापल्यासारखा वास सुटलेला असतो. आणि कोणीतरी बिसलरीची बाटली उघडून तापलेल्या डिस्कवर पाणी ओतत असतो. चर्र असा आवाज होतो, वाफ उठते, बघणाऱ्यांना बरं वाटतं. लालबुंद तापलेल्या बिडाच्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होते, तिला तडा जाऊ शकतो. ज्या ब्रेकवर पुढचे शंभर किलोमीटर जायचंय त्याचीच आपण घाटाच्या तळाशी खराबी करतो. गाडी सावलीत उभी करून अर्धा तास चहा प्यायचा, एवढंच तिथे करायचं असतं.

ती उष्णता किती, याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाने करता येतो. लोणावळा ते खोपोली उतार सुमारे साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट तेराशे किलोची मोटार तेवढी खाली आली की तिच्यातली जी ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते, ती वीसेक लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी असते. थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरांत. बाकीची इंजिनात जिरवायची की ब्रेकमध्ये, हे चालक गिअर टाकताना ठरवतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर इंजिन मोठा भाग पेलतं. पाचव्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलवर, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर सगळा भार ताटलीएवढ्या चार-दोन डिस्कवर येतो. पेडल नेहमीसारखं असूनही गाडी थांबत नाही आणि जळकट वास भरतो, तो असा. द्रुतगती मार्गावर बोर घाटात मोटारींना ताशी ६० ची मर्यादा आहे ती चालान फाडायला ठेवलेली नाही. ताशी १०० च्या गाडीत ५० च्या गाडीच्या चौपट ऊर्जा असते, आणि ती थांबवायला ब्रेक तेच असतात.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. तुमची गाडी पाय काढला की स्वतःच वेग कमी करते आणि बॅटरी भरते, म्हणून ब्रेक कमी तापतात. पण महाबळेश्वरला हॉटेलात रात्रभर चार्ज करून बॅटरी शंभर टक्के भरलीत आणि सकाळी घाटाला लागलात, तर भरायला जागाच नसते. मग ती मदत बरीच कमी होते आणि भार साध्या ब्रेकवर येतो. वरून उतरणार असाल तर बॅटरी थोडी रिकामी ठेवा.

सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे ब्रेकचं तेल, ज्याला गॅरेजात ब्रेक ऑइल म्हणतात. बॉनेट उघडलं की मागच्या बाजूला एक छोटी पारदर्शक बाटली असते, तिच्यावर किमान-कमालच्या दोन रेघा असतात. आतलं तेल नवं असताना फिकट पिवळं असतं, जुनं झालं की काळपट. हे तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि कोकणात-मुंबईत हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ प्रकारचं कोरं तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हमी १४० अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले, तेल पाइपात उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं ते असं.

आणि इथेच मालकाची सर्वात मोठी फसगत होते. अर्ध्या तासाने गाडी थंड होते, वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल वर येतं. टो करून गॅरेजात नेलेली गाडी फिटर चालवून पाहतो आणि सांगतो, “साहेब, ब्रेक एकदम ओके आहे, तुम्ही घाबरलात.” बायको, मुलं, शेजारी सगळ्यांसमोर तो माणूस खोटा ठरतो. तो खोटा नव्हता. त्याच्या गाडीतलं चार वर्षं न बदललेलं तेल साक्षीला होतं, त्याला कोणी विचारलं नाही.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात सर्व्हिसिंगमध्ये होतो तो ‘टॉप-अप’. बाटलीतलं तेल खाली गेलं म्हणजे दोनच शक्यता असतात: ब्रेक पॅड झिजत आलेत किंवा कुठेतरी गळती आहे. गाडी मालकाला सांगत असते की मला बघा. फिटर वरून तेल ओततो, रेघ भरून काढतो, तो इशारा पुसून टाकतो आणि बिलात त्याचे पैसेही लावतो. टॉप-अप करायचाच असेल तर कारण शोधून करा, हे सर्व्हिस सेंटरला ठणकावून सांगायला हवं. सीट कव्हर, कोटिंग, सुगंधी डबी यांच्यावर हजारो रुपये खुशीने घालणारे आपण तेल बदलायच्या काही शे रुपयांवर घासाघीस करतो, हेही तितकंच खरं.

पायाखालच्या चटईबद्दल लोक हसतात, त्यांनी कॅलिफोर्नियातली घटना जाणून घ्यावी. २८ ऑगस्ट २००९ रोजी महामार्ग पोलिस दलातला एक अनुभवी अधिकारी कुटुंबासह शोरूमने तात्पुरती दिलेली लेक्सस चालवत होता. गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड चटई टाकलेली होती. तिच्यात ॲक्सिलरेटर अडकला. गाडीतून मदतीसाठी लागलेल्या फोनवर ब्रेक नसल्याचंच सांगितलं गेलं. चौघेही गेले. तपासात ब्रेक जळेपर्यंत दाबल्याच्या खुणा सापडल्या. आणि त्याच गाडीच्या आधीच्या ग्राहकाने चटईबद्दल शोरूममध्ये सांगून ठेवलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही. आपल्याकडे कंपनीच्या चटईवर आणखी एक रंगीत, जाड, कडा उचललेली चटई टाकायची पद्धत आहे, आणि चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली लोळत असते. ती बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली की पेडल दाबलं जात नाही. चटई एकच ठेवा, हुकात अडकवा. बाटली दाराच्या खणात.

पण सगळं मालकावर ढकलून कंपन्यांना मोकळं सोडायलाही मी तयार नाही. टोयोटाच्या प्रियसबद्दल मालक सांगत होते की खड्ड्यावरून किंवा बर्फावरून जाताना ब्रेक क्षणभर धरत नाही. तक्रारी साठत गेल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीला जगभरातल्या चार लाखांहून जास्त हायब्रीड गाड्या बोलावून ब्रेकचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकमधल्या एका पिनेसाठी परत बोलावल्या. एक पिन! म्हणजे दोष कारखान्यातूनही येतो, आणि कबूल केला तर दुरुस्तही होतो.

यासाठी आता कायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचे नियम लागू झाले. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर मालकाला वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते. ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या की सरकार कंपनीला गाड्या बोलवायला लावू शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत आहे. आपण काय करतो? हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो, चार जण ‘काळजी घ्या’ म्हणतात, संपलं. तक्रारीचा आकडा वाढत नाही, मग कंपनी कशाला हलेल?

आणि प्रत्यक्ष चालवताना ब्रेक गेलाच तर? आजच्या मोटारीत ब्रेकच्या पाइपांचे दोन वेगळे मार्ग असतात, म्हणून दोन्ही एकदम जाणं दुर्मीळ. पेडल भराभर मारत राहा, बऱ्याचदा थोडा जोर परत येतो. इंजिन बंद करू नका. गिअर एकेक करून खाली आणा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा ‘एल’वर घ्या. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचलात तर मागची चाकं घसरतील. हँडब्रेक दांड्याऐवजी इलेक्ट्रॉनिक बटणाचा असेल तर बहुतेक गाड्यांत ते बटण खेचून धरल्यावर गाडी थांबते. हॉर्न, हॅझर्ड लाइट चालू ठेवा. काहीच उरलं नाही तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला गाडी घासवा. पत्रा विम्यात येतो.

हे रिकाम्या मैदानावर एकदा करून पाहा, ताशी वीसच्या वेगाने. पुढच्या सर्व्हिसिंगला ब्रेकचं तेल बदलायला सांगा, आणि जुनं तेल काढताना स्वतः समोर उभे राहा. तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या गाडीचा ब्रेक गेला तर ती दुरुस्तीला टाकण्याआधी ब्रेकची तपासणी करून लेखी अहवाल मागा, तेलाचा नमुना बाटलीत काढून ठेवा, पोर्टलवर तक्रार टाका. पोलिसांनीही पंचनाम्यात ‘ब्रेक फेल’ लिहिताना त्याखाली आरटीओच्या तपासणीचा निष्कर्ष जोडल्याशिवाय फाइल मिटवू नये. तो निष्कर्ष मृताच्या घरच्यांना आणि गाडीच्या मालकाला मिळणं, हा त्यांचा हक्क आहे.