टॉवेलापुरते न्यायशास्त्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश मराठी माणूस इतक्या निष्ठेने पाळतो की आपले सगळे कायदेज्ञान त्याने पायरीच्या अलीकडेच मिळवले आहे. थोडे ‘दामिनी’तल्या सनी देओलकडून, थोडे सलूनमधली खुर्ची रिकामी होईपर्यंत, उरलेले व्हॉट्सॲपवरून. शाळेत नागरिकशास्त्र होते म्हणा. पण ते इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला, आणि तिथवर पोहोचेपर्यंत परीक्षा आलेली असे.

तरी ‘गाजलेला खटला’ म्हटले की नानावटी निघणारच. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम अहुजा याला मुंबईत गोळ्या घातल्या. झटापटीत पिस्तूल उडाले, हा बचाव. मग अहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी कसा राहिला, हा सरकारी पक्षाचा सवाल. फेरीवाल्यांनी लगोलग ‘अहुजा टॉवेल’ विकायला काढले, आणि तेवढा एक पुरावा आजही जनतेच्या ताब्यात सुरक्षित आहे. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी कमांडरना निर्दोष ठरवले. कट्ट्यावरचा खटला इथे संपतो. २०१६ साली ‘रुस्तम’मध्ये अक्षय कुमारही सुटला, म्हणजे त्यावर शिक्काच बसला.

प्रत्यक्षात सत्र न्यायाधीशांना ज्युरीचा कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टात धाडले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. खरी गंमत तर मधेच घडली होती. ११ मार्च १९६० रोजी हायकोर्टाचा निकाल लागला आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली. अपील सुप्रीम कोर्टापुढे असताना राज्यपालांचा हात किती लांब पोहोचतो, यावर घटनापीठ बसले आणि एवढा लांब नाही, असे त्याने सांगितले. राज्यपाल या विषयावर हल्ली चहाच्या टपरीवरही मते मिळतात; हा निकाल मात्र मिळत नाही. त्यात टॉवेल नाही ना! (पुढे १९६४ मध्ये राज्यपालांनीच माफी दिली, तेव्हा कट्टा म्हणाला, ‘बघा, सुटलाच की!’)

केशवानंद भारतींचे नाव त्या मानाने भारदस्त, त्यामुळे ते न वाचताही घेता येते. केरळातल्या एडनीर मठाचे हे स्वामी जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. मुंबईचे नानी पालखीवाला त्यांच्या बाजूने लढले. तेरा न्यायमूर्ती, निकाल सात विरुद्ध सहा, तारीख २४ एप्रिल १९७३. संसदेला घटना बदलता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही, हे त्या एका मताने ठरले. ‘आपली माणसं’ कुठे होती, हे शोधणाऱ्यांनी जरा जपून शोधावे. मुंबई हायकोर्टातून गेलेले पालेकर आणि चंद्रचूड हे दोघेही त्या सहांत होते.

दिल्लीतली चौकट राहू द्या, वॉर्डातली तरी माहीत आहे का? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद सुप्रीम कोर्टात, निवडणुका लांबणीवर. वर्षे गेली. या सगळ्या काळात गटार तुंबले की लोक नगरसेवकाच्या नावाने बोटे मोडत होते. नगरसेवक हे पदच रिकामे आहे, ही बातमी काहींना मतदार यादीत नाव शोधायची वेळ आल्यावर कळली असावी.

हीच मंडळी रविवारी सोसायटीच्या सभेत भेटतात. पार्किंगवरून आवाज चढतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका जाहीर करतात, ‘सुप्रीम कोर्टापर्यंत जाईन!’ असल्या भांडणासाठी आधी उपनिबंधकांचे कार्यालय असते, सहकार न्यायालय असते, हे सेक्रेटरी चाचरत सांगतात. काकांना ते अपमानास्पद वाटते. एवढ्या मोठ्या तत्त्वाचा प्रश्न आणि उपनिबंधक? टाळ्या पडतात, थेट दिल्लीला जायचा ठराव एकमताने मंजूर होतो. वकिलासाठी प्रत्येक फ्लॅटमागे पाचशे रुपये, असा पुढचा मुद्दा येतो तेव्हा सेक्रेटरी डोकी मोजतात आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब करतात.