माळ्यावरचा पंखा

तलासरी तालुक्यातल्या उधवा गावात घरांना तळघर नसतं. इथल्या पावसात जमिनीखाली ठेवलेलं काहीही कुजणार, म्हणून मोडकं सामान वर जातं, माळ्यावर. न फिरणारा टेबलफॅन, मोटार जळालेला मिक्सर, दांडा तुटलेला फवारणीचा पंप, चार्ज न होणारा सौरकंदील, बंद पडलेले मोबाइल. पाहुणा वर बघून ‘अडगळ’ म्हणतो. अडगळ कसली? यातलं काहीही टाकून दिलेलं नाही, सगळं दुरुस्तीसाठी थांबलंय.

तलासरी तालुक्यातल्या वारली माणसाला दुरुस्ती शिकवायची गरज नाही. त्याचं घरच दुरुस्तीवर उभं असतं. कारवीच्या कुडावरचं शेणमातीचं लिंपण पावसात झडतं, घरच्या बाया ते पुन्हा चढवतात. जाळं फाटलं तर ओटीवर बसून सांधलं जातं. वस्तू वापरणाऱ्यालाच ती उघडता येत होती, इतकी साधी गोष्ट होती ही.

ती कंपन्यांनी मोडली. बॅटरी डकवून टाकलेली, खोका सीलबंद, स्क्रू असे की घरातला पेचकस बसतच नाही. सुटा भाग गावात मिळत नाही. तो शोधायला वापीला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वर भाडं. एवढं करून कारागीर म्हणतो, नवीनच घ्या. नवीन घ्यायला पैसे असते तर जुनं माळ्यावर कशाला चढवलं असतं?

आणि याच तालुक्यातले तरुण रोज उंबरगाव, वापी, सिल्वासाच्या कारखान्यांत जातात. बारा-बारा तास यंत्रापुढे उभे राहतात. हातात कसब आहे, पण एकच क्रिया दिवसभर करायची. वस्तू आतून कशी चालते हे त्यांना कुणी दाखवत नाही. मला यातलं हे सगळ्यात जास्त झोंबतं.

माळ्याचा धोकाही आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हादरत आली आहे. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ रिश्टरचा धक्का बसला. भिंतींना तडे गेले, माणसं थंडीत तंबूत झोपली. जिथे जमीन अशी हलते तिथे झोपायच्या जागेवर मोटारी आणि लोखंड टांगून ठेवावं लागतं, कारण ते दुरुस्त करायला कुणी नाही.

दिल्लीला हे माहीत नाही असं नाही. जुलै २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. त्याच डिसेंबरात पोर्टलही आलं. कायदा मात्र आला नाही. फ्रान्सने २०२१मध्ये मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन विकताना ते किती दुरुस्त होऊ शकतं याचा दहापैकी आकडा लावणं बंधनकारक केलं. आपल्याकडेही तो लावा, आणि सुट्या भागाची किंमत खोक्यावर छापा. गिऱ्हाईक उधव्याचं असो की पुण्याचं, पैसे मोजण्याआधी त्याला हे कळलंच पाहिजे.

पण कायद्याची वाट बघत बसू नये. तलासरी अनुसूचित क्षेत्रात आहे. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा यात ग्रामसभेचा शब्द चालतो. ग्रामसभेने ठराव करावा: एक खोली, एक लांब टेबल, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, पेचकसांचा पूर्ण संच. आयटीआय शिकलेल्या गावच्या दोन पोरांना मानधन द्यावं, आणि बाजाराच्या दिवशी खोली उघडी ठेवावी. सुरुवात फवारणीच्या पंपांपासून करावी. भाताची लावणी आटोपली की ते लागणार आहेत.