बेट कुठेशी आलं?

विमान कोसळून एका गूढ बेटावर अडकलेल्या प्रवाशांची ‘लॉस्ट’ ही अमेरिकी रहस्यमालिका मी तिसऱ्यांदा पाहतोय, आणि या खेपेला नातवाचा कोनमापक हाताशी घेऊन बसलोय. २००४ ते २०१० अशी सहा पर्वं लोक धुराचा राक्षस कोण नि जमिनीतल्या त्या झाकणाखाली, हॅचमध्ये काय, याच विवंचनेत होते. माझी अडचण साधी आहे. त्या बेटावरून निघायचं तर तोंड कुठल्या दिशेला करायचं?

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी बेटावरचा म्होरक्या बेन अडकलेल्यांपैकी मायकेलला बोट देतो आणि सांगतो, होकायंत्रावर ३२५ अंश धर, सुटशील. चौथ्या पर्वात शास्त्रज्ञ फॅरडे हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला बजावतो, ३०५ अंश सोडू नकोस. आता वायव्य म्हणजे ३१५. एकजण तिच्या दहा अंश उत्तरेला, दुसरा दहा अंश पश्चिमेला. खुद्द वायव्येला रस्ता खणून ठेवला असावा. (या दिशेचा स्वामी वायू. तो एका जागी बसला तर शपथ.) शंभर सागरी मैल गेलात की या दोन वाटांत पस्तीसेक मैलांचं अंतर पडतं.

हाच ३०५ तिसऱ्या पर्वात अडकलेल्यांपैकी लॉकला त्याचा सोबती एको याच्या काठीवर सापडला होता. तो धरून मंडळींनी रान तुडवलं, तर पुढे निघाला एका डोळ्याचा मिखाईल! कोन सगळे सांगतात, मोजायचा कुठून ते कोणी सांगत नाही. आपल्याकडचा पानवालासुद्धा निदान ‘वडापासून डावीकडे’ म्हणतो.

बेटावरून पळू पाहणाऱ्या डेस्मंडची मात्र खरंच दया येते. बिचाऱ्याने नऊ नॉट वेगाने अडीच आठवडे सरळ पश्चिमेला होडी हाकली. आठवड्याच्या आत फिजी लागायला हवं होतं. लागलं पुन्हा तेच बेट. मी हिशेब केला: सुमारे पावणेचार हजार सागरी मैल. एवढ्यात मुंबईहून निघालेलं विमान लंडनच्या जवळपास पोचतं.

होकायंत्रच बिघडलेलं, असं कोणी म्हणेल. पहिल्या पर्वात लॉकने दिलेल्या होकायंत्रात सहप्रवासी सईदला उत्तर भलतीकडेच दिसते, हे खरं. पण सुई बिघडली तरी बेन नि फॅरडे दोघांचीही सारखीच बिघडेल ना? वीस अंशांचा फरक उरतोच.

लेखकांनी मग नामी तोड काढली. बेटच सरकवलं. बेन एक चाक फिरवतो आणि बेट गडप! पुढच्या पर्वात लॉस एंजेलिसमधल्या एका चर्चखाली लंबक हलत असतो, बेट आता कुठे उगवेल याचा अंदाज बांधत.

एवढ्यात नातू कोनमापक मागायला आला. उद्या भूमितीचा पेपर.

“आजोबा, कोन चुकला तर ‘बेट सरकलं’ असं लिहू?”

“लिही,” म्हटलं, “पायऱ्यांचे गुण मिळतील.”