अँटेना क्रमांक दोन

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणाचं वायफाय बंद पडलं की तिसऱ्या मजल्यावरचे काका आधी खूश होतात, मग चपला घालतात. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. लॅपटॉपवर विंडोज असेल तर नुसता चहा घेऊन परततात. लिनक्स असेल तर जेवूनच उठतात.

समोरच्या वहिनींच्या लॅपटॉपवर मुलाने उबुंटू लिनक्स टाकलं आणि तो पुण्याला निघून गेला. मागे वायफाय बंद पडलं. गणपतीसाठी तुतारी एक्सप्रेसच्या स्लीपरचं तत्काळ अकराला उघडायचं होतं. काका साडेदहाला हजर.

"राउटर बंद करून चालू करू का?" वहिनींनी विचारलं. असल्या प्रश्नांना काका उत्तर देत नाहीत. त्यांनी काळी खिडकी उघडली. 'एलएसपीसीआय' मारलं, कार्ड दिसत होतं. 'आरएफकिल'मध्ये ना सॉफ्ट ब्लॉक, ना हार्ड. ड्रायव्हर चढलेला, फर्मवेअरही जागेवर. एकेका चांगल्या बातमीसरशी काकांचं तोंड पडत गेलं. "पूर्वी मजा होती हो वहिनी! फर्मवेअर उतरवायला नेट हवं, आणि नेट यायला फर्मवेअर! विंडोजचा ड्रायव्हर एनडीआयएसरॅपरमध्ये कोंबून चालवायचो. 2010 च्या सप्टेंबरात ब्रॉडकॉमने नव्या कार्डांच्या ड्रायव्हरचा सोर्स खुला केला आणि आमचा धंदाच बसला." धंदा म्हणजे अर्थात फुकटचा.

"मग मी मोबाइलवरून काढते ना तिकीट."

मोबाइल काकांनी केव्हाच वायरने लॅपटॉपला जोडला होता. म्हणजे लॅपटॉपवर नेट होतं! वहिनींनी माउसकडे हात नेला, तर काका म्हणाले, "थांबा, हे नेट तपासासाठी आहे."

अकराला पाच कमी असताना सुगावा लागला. लॅपटॉप राउटरला चिकटवला की सिग्नल येई, सोफ्यावर आणला की गायब. काकांचे डोळे लकाकले. कार्डावर अँटेनाच्या जागा दोन, पण बनवणाऱ्याने काटकसर करून वायर एकाच जागी जोडलेली, आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर कान लावून बसलेला. 'एएनटी_सेल=2' एवढी एक ओळ फाइलीत लिहिली, ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवला. सोफ्यावर सगळ्या दांड्या भरल्या.

"अँटेना क्रमांक दोन!" काका ओरडले. घड्याळात अकरा वाजून गेले होते, तुतारीला वेटिंग लागलं होतं. वहिनी एसटीने गेल्या.

तुमचं कार्ड रुसलं तर काकांना जरूर बोलवा, एक पैसा घेत नाहीत. फक्त तत्काळ उरकून बोलवा, आणि मोबाइल आधी लपवून ठेवा.